संथ होडीला ट्रिम टॅब हवेत का?



आज मी होडीच्या मागे बसवायच्या दोन पट्ट्यांबद्दल बोलणार आहे. घाटावरच्या मैत्रिणी म्हणतील, आमच्या विहिरीला पाणी नाही आणि ही होडीचं काय सांगतेय! पण थोडं ऐका. प्रत्येक गटाच्या दारात कधी ना कधी कुणीतरी एखादं यंत्र, एखादा जोड विकायला येतोच. कुणाकडे गिरणीला जोडायचं काहीतरी, कुणाकडे शेवयांच्या मशीनला. आमच्याकडे हे आलं. आणि कोकणातल्या ज्या गटांनी खाडीत पर्यटकांच्या फेऱ्या सुरू केल्या आहेत किंवा करायचं मनात आहे, त्यांना तर हे थेट उपयोगाचं आहे.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका पर्यटकांना कांदळवन दाखवतात, ते तुम्ही ऐकलं असेल. त्यांच्या होड्या वल्ह्यांच्या. स्वतः वल्हवतात, वाटेत झाडं-पक्षी दाखवतात. आम्ही त्यांच्याकडे बघूनच हे धाडस केलं. पण कर्ली खाडीत आमची फेरी लांब पल्ल्याची, परतताना ओहोटीची ओढ असते, म्हणून आम्ही मोटर लावली. होडी फायबरची, २४ फुटी, वर ताडपत्रीचं छप्पर, बारा पाहुणे आणि आमच्या दोघीजणी. वेग साधारण पाच नॉट. नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर, तेव्हा आमची होडी तासाला नऊ-सव्वानऊ किलोमीटर चालते. सायकलवरचा शाळेतला मुलगा आमच्या पुढे निघून जाईल. पाहुणे कांदळवनं, बगळे, खंड्या बघायला येतात, त्यांनाही घाई नसते.

पहिली दोन वर्षं सगळं नीट चाललं. मग जुनी टू-स्ट्रोक मोटर वारंवार बंद पडू लागली, म्हणून आम्ही कर्ज काढून ९.९ हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक घेतली. आवाज कमी, धूर कमी, तेल मिसळायची कटकट नाही. पाहुणे खूश. पण होडीचं नाक वर जायला लागलं. आमच्याकडे होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, ती नाळ वर आणि मागची बाजू पाण्यात बसलेली. होडी चालवणारी आमच्या गटातली सगळ्यात लहान सदस्य. ती मला म्हणाली, "ताई, मागे बसल्यावर मला पुढचं दिसतच नाही. काल एका छोट्या होडीच्या अगदी जवळ जाईपर्यंत ती दिसली नव्हती." हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. बारा माणसांचा जीव आपल्या हातात असतो.

त्याच सुमाराला होडीच्या सामानाचे एक विक्रेते भेटले. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. एक पांढरी बोट नाक वर करून धावतेय, चालवणारा एक बटण दाबतो, आणि बघता बघता बोट सपाट होते. बोटीच्या मागच्या फळीला, अगदी तळाशी, डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन स्टीलच्या पट्ट्या बिजागरीवर बसवलेल्या असतात. त्यांना म्हणायचं ट्रिम टॅब. बटण दाबलं की पट्टी खाली झुकते, मागे जाणारं पाणी तिच्यावर आपटतं, ती पट्टी वर ढकलली जाते, आणि तिच्याबरोबर बोटीची मागची बाजू उचलली जाते. मागचं वर आलं की पुढचं आपोआप खाली. पेट्रोलही वाचतं म्हणाले. बसवण्यासकट पासष्ट हजार.

मी काय केलं असेल? गटाला न विचारता पाच हजार रुपये बयाणा देऊन मोकळी झाले. दुसऱ्या दिवशीपासून दर वाढणार म्हणाले ना! बचत गटाची समन्वयक मी, दर महिन्याला इतरांना सांगते की ठराव झाल्याशिवाय पैसा हलवायचा नाही. आणि मीच.

बैठकीत हे सांगितल्यावर आधी कुणीच काही बोललं नाही. ती शांतता मला अजून आठवते. मग एक काकी म्हणाल्या, "साठ हजार आपल्या पेटीत आहेत कुठे? आणि जे आहेत त्यातून माझ्या लेकीच्या नर्सिंगच्या फीला अंतर्गत कर्ज द्यायचं ठरलंय ना?" ठरलं होतंच. होडी चालवणारीचे डोळे भरून आले. तिला वाटलं, आपण तक्रार केली म्हणून हे सगळं झालं. दोघींचंही खरं होतं. एकीला समोरचं दिसत नव्हतं, दुसरीच्या मुलीची फी भरायची तारीख जवळ आली होती. शेवटी ठरलं की पंधरा दिवस थांबायचं, आणि या पट्ट्या आपल्या होडीला उपयोगाच्या आहेत का, याची आपणच खात्री करायची.

आता जरा समजून घेऊ. लहानपणी एस.टी.च्या खिडकीतून आपण सगळ्यांनीच तळहात बाहेर काढलाय. (आता तुमच्या मुलांना काढू देऊ नका.) गावातून गाडी हळू चालली असेल तेव्हा हाताला काहीच जाणवत नाही. हमरस्त्याला लागली की तळहात थोडा तिरका केला तरी झटक्यात वर उचलला जातो. हात तोच, वारा तोच. फरक वेगाचा. पाण्यातल्या पट्टीचं अगदी हेच आहे. आणि हा जोर वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट, वेग चौपट तर जोर सोळापट. उलटंही तसंच. व्हिडिओतली बोट वीसेक नॉटनं पळत होती. आमची पाच नॉटनं चालते, म्हणजे चौथ्या हिश्शाच्या वेगानं. तीच पट्टी आमच्या होडीला त्या बोटीच्या सोळाव्या हिश्शाएवढाच जोर देणार.

माझा भाचा बोटींचं इंजिनिअरिंग शिकतो. त्याला फोन लावला. त्यानं हिशोब मांडून सांगितलं, मावशी, एक फूट रुंद आणि नऊ इंच लांब अशा दोन पट्ट्या चांगल्या पंधरा अंश खाली झुकवल्या, तरी पाच नॉटला दोन्ही मिळून तीस-पस्तीस किलो उचलतील. त्यापेक्षा फार नाही. वीस नॉटला त्याच पट्ट्या पाचशे किलोच्या पुढे उचलतात. अंदाजाचा हिशोब आहे, पण दोन्हींतलं अंतर बघ.

तीस-पस्तीस किलो! मागच्या बाकावरची एक बाई उठून मधल्या बाकावर येऊन बसली, तर होडीच्या तोलावर याहून जास्त परिणाम होतो. आणि तिला पासष्ट हजार द्यावे लागत नाहीत, "वहिनी, जरा पुढे सरकता का?" एवढं म्हणावं लागतं.

शिवाय पट्टी पाण्यात झुकवली की ती पाण्याला अडवतेही. वेगवान बोटीत हा तोटा भरून निघतो, कारण ती बोट पाण्यातून वर येऊन पाण्याच्या पाठीवरून घसरत जाते आणि तिची ओढ एकदम कमी होते. आमची होडी तशी कधीच वर येत नाही. ती पाणी कापत, बाजूला सारत जाते. अशा होडीला स्वतःची एक वेगमर्यादा असते. होडीची जेवढी लांबी पाण्याला टेकलेली आहे ती फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं. आमची २२ फूट पाण्यात असते. उत्तर येतं साधारण सव्वासहा नॉट. त्या वेगाला होडीनं उठवलेली लाट होडीएवढीच लांब होते. त्याहून वेग वाढवायला गेलं की नाळ त्या लाटेच्या डोक्यावर आणि मागची बाजू लाटेच्या खड्ड्यात. त्यापुढे मूठ कितीही पिळली तरी होडी धावत नाही, नाक तेवढं आणखी वर करते आणि पेट्रोल पिते. नवी मोटर जोरदार, म्हणून आमची पोर मूठ जास्त पिळत होती. वेळेत परत यायचं दडपण तिच्यावर आम्हीच टाकलं होतं, हेही कबूल करायला हवं.

पण नुसत्या वेगानं एवढं नाक वर जाईल का? याचं उत्तर हिशोबातून नाही, आमच्या एका सदस्येच्या सासऱ्यांकडून मिळालं. सत्तरी ओलांडलेले, सगळा जन्म रापणीत आणि होडीत गेलेला. धक्क्यावर आले, होडी नुसती बांधलेली होती, मोटर बंद. दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "गो बाय, ही होडी चलाच्या आधीच पाठी बसलीसा. पाठी काय काय भरलास ता बघ आधी."

बघितलं. नवी मोटर जुनीपेक्षा दहा-पंधरा किलोनं जड. तिच्यासाठी नवी बॅटरी, तीही मागे. पेट्रोलची टाकी मागे. पाहुण्यांना सोलकढी आणि थंड पाणी द्यायचा आमचा बर्फाचा खोका, भरला की चाळीस किलोचा, मागे. का? तर वाढणारी मागे बसते म्हणून. नांगर आणि त्याचा दोर मागे, जादा लाइफ जॅकेटांची पेटी मागे. शेवटी चालवणारी आणि मदतनीस, दोघीही मागे. स्वयंपाकघरात सगळे डबे एकाच फळीवर रचल्यावर फळी वाकणारच. आम्ही वर्षभर एकेक वस्तू मागे ठेवत गेलो, आणि दोष मोटरला दिला.

मग आम्ही जे केलं ते सविस्तर सांगते, कारण कुठलाही गट ते करू शकेल.

होडी रिकामी असताना, शांत पाण्यात, पाणी जिथे टेकतं तिथे पुढे आणि मागे रंगीत चिकटपट्टी लावली. मग रोजच्यासारखं सामान भरलं, गटातल्याच चौदाजणी-पोरंटोरं धरून बसलो आणि किती बुडतं ते पाहिलं. पुढची खूण जवळजवळ जागच्या जागी, मागची वीतभर पाण्याखाली. तिथेच निम्मं उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी वेग मोजला. मोबाइलमध्ये वेग दाखवणारं ॲप असतं, ते पुरतं. पण खाडीत एक गोष्ट लक्षात ठेवा, भरती-ओहोटीमुळे एका बाजूला जाताना वेग जास्त दिसतो आणि परतताना कमी. म्हणून त्याच अंतरावर जाऊन-येऊन मोजायचं आणि दोन्हींची सरासरी काढायची. पेट्रोलसाठी टाकी खुणेपर्यंत भरायची, फेरी मारायची, आणि परत खुणेपर्यंत येण्यासाठी किती लागलं ते मापानं मोजायचं. तीन दिवस केलं. वहीत लिहिलं. वही आमच्या काकींकडेच दिली, म्हणजे आकड्यांवर कुणाचा संशय नको.

नंतर एकेक गोष्ट बदलली. एकदम सगळं बदललं तर कशानं फरक पडला ते कळत नाही, भाजीत मीठ-मसाला एकदम वाढवल्यासारखं होतं. आधी बर्फाचा खोका मधल्या बाकाखाली नेला आणि घट्ट बांधला. सुटा ठेवायचा नाही, लाटेत सरकला तर तोल जातो. नांगर-दोर पुढे गेला, खरं तर त्याची जागा तिथेच असते. लाइफ जॅकेटांची पेटीच काढून टाकली, प्रत्येक बाकाखाली लहान मुलांचं एकेक जादा जॅकेट अडकवलं. हाताशी येतं ते वेगळंच. बॅटरी पुढे न्यायचं मनात होतं, पण वायर लांबली की ती जाडही घ्यावी लागते, नाहीतर मोटर सुरू व्हायला कुरकुरते. म्हणून बॅटरी थोडीच पुढे घेतली. पेट्रोलची टाकी मात्र हलवली नाही. ती मोकळ्या हवेत, पाहुण्यांपासून दूर आहे तेच बरं. तिथे किलोचा हिशोब करायचा नाही.

मदतनीस आता पुढच्या बाकावर बसते. तिथून ती वाटेवरची जाळी आणि लहान होड्या बघून हातानं खूण करते. चालवणारीची मूळ अडचण यानंच बरीचशी सुटली. जड पाहुण्यांना मध्ये बसवायचं हे काम नाजूक, कुणाला जाड म्हणता येत नाही. आमची एक सदस्य त्यात हुशार. ती म्हणते, "काका, तुम्ही मधे बसा, तिथून दोन्ही काठ दिसतात." आणि ते खरंच दिसतात.

मोटर ज्या पट्ट्याला अडकवलेली असते, त्याला चार-पाच भोकं असतात आणि त्यातल्या एकात एक खिळा असतो. मोटर किती तिरकी राहणार ते तो ठरवतो. नवी मोटर बसवणाऱ्यानं तो बाहेरच्या भोकात ठेवला होता, त्यामुळे पंखा पाणी किंचित वर ढकलत होता आणि मागची बाजू आणखी बसत होती. खिळा एक भोक आत घेतला. मोटर बंद करून, होडी काठाला बांधून करायचं काम, पाच मिनिटांचं. खर्च शून्य. फार मोठा फरक पडला असं म्हणणार नाही, पण पडला.

आणि ओहोटीला होडी वाळूवर घेऊन तळ घासला. तळाला शेवाळ आणि चिकटलेली बारीक कवचं, हात सोलून निघतील अशी. दोन वर्षांत आम्ही नीट घासला नव्हता. घरातलं तवा-परात घासणाऱ्या बायका आम्ही, आणि ज्या होडीवर पोट आहे तिचा तळ बघितलाच नव्हता!

हे सगळं झाल्यावर परत चिकटपट्टी, परत ॲप, परत माप. चालत्या होडीचं नाक चांगलं चार बोटं खाली आलं. मूठ थोडी सैल केली, सहाच्या जवळ पळवायची ती पाचवर आणली. फेरीला दहा मिनिटं जास्त लागतात. आधी एका फेरीला तीन लिटर पेट्रोल लागायचं, आता सव्वादोन लागतं. यातला किती वाटा वेग कमी करण्याचा आणि किती घासण्याचा, ते वेगळं सांगता येणार नाही, कारण शेवटचे दोन बदल आम्ही घाईत एकाच दिवशी केले. बैठकीत काकींनी तेही बोलून दाखवलं.

एक इशारा मात्र देते. नाक खाली आणायच्या नादात सगळं पुढे भरू नका. आमच्याकडून एकदा झालं. शाळेची मुलं आली होती, सगळी पुढे जाऊन बसली. खाडीच्या तोंडाशी, जिथे समुद्राच्या लाटा आत येतात तिथे, नाळ लाटेत घुसायला लागली, होडी सुकाणूचं ऐकेना, भलतीकडेच वळायला बघायची. चालवणारीनं लगेच वेग कमी करून होडी आतल्या शांत पाण्यात वळवली, मुलांना दोन-दोन करून मागे बोलावलं. नाळ किंचित वर असलेलीच बरी. आणि पाहुण्यांना चालत्या होडीत उभं करून जागा बदलायला लावू नका; बसवतानाच विचार करायचा.

आता कुणी म्हणेल, म्हणजे ते विक्रेते खोटं बोलले? तसं मी म्हणणार नाही. त्यांची वस्तू खरी आहे. मालवणकडे डॉल्फिन दाखवायला, स्कूबाला वेगानं जाणाऱ्या मोठ्या बोटी असतात, पंधरा-वीस नॉटवर पळणाऱ्या. तिथे या पट्ट्या आपली किंमत वसूल करतात. बोट लवकर पाण्यावर येते, लाटेत कमी आपटते, एका बाजूला माणसं जास्त झाली तर एकच पट्टी झुकवून सरळ करता येते. कुणाची बोट आठ-दहा नॉटच्या पुढे जात असेल आणि सामान हलवूनही नाक वर राहत असेल, तर त्यांनी जरूर विचार करावा. पण त्यांनाही सांगेन, आधी चिकटपट्टी लावा. त्यांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला नाही, तुमची होडी किती वेगानं चालते? आणि मीही तो विचारला नाही.

बसवल्यावरची कामं तर कुणी सांगतच नाही. मागच्या फळीला, तेही पाण्याखाली, भोकं पाडावी लागतात. ती नीट बुजली नाहीत तर पाणी झिरपतं. खाऱ्या पाण्यात धातू खातो, म्हणून जस्ताचा तुकडा लावून तो झिजला की बदलावा लागतो. पट्टीवर कवचं चढतात. आमच्या खाडीत जाळ्यांचे दोर असतात, ते अडकायला आणखी दोन जागा तयार होतात. आणि पाहुण्यांची होडी म्हटल्यावर परवाना, तपासणी आलीच, तिच्या अंगाला भोकं पाडण्याआधी तपासणाऱ्या साहेबांना विचारायला हवं. मी हे काहीही विचारलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी बैठक झाली. वही वाचून दाखवली. ट्रिम टॅब नको, असा ठराव झाला, एकमतानं. होडी चालवणारीनं हात सगळ्यात आधी वर केला, आणि काकींनी तिलाच सूचक म्हणून सही करायला लावली. काकींच्या मुलीची फी वेळेत गेली, ती आता पहिल्या वर्षाला आहे.

राहिले माझे पाच हजार. गटाचे म्हणायला हवेत, कारण पेटीतून गेले होते. ते परत मागायला गेले तेव्हा विक्रेते म्हणाले, रोख परत मिळणार नाहीत, वस्तू घ्या. मग आम्ही मोटरसाठी जादा पंखा घेतला, खडकाला लागून एक तुटला तर फेरी अर्ध्यावर राहू नये म्हणून. तो तीन हजार आठशेला पडला. उरलेले बाराशे माझ्या नावावर मांडलेत. दोन हप्ते दिले, तिसरा येत्या मासिक बैठकीला द्यायचा आहे.